चौफुलीवरचा उंदीर आणि घरातली धास्ती



व्याख्यानमालेची पत्रिका घरोघरी पोहोचली आणि मला फोन येऊ लागले. साहित्याच्या व्यासपीठावर उंदीर कुठून आले, असा सगळ्यांचा सूर. प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवले, साहित्यात माझा अधिकार नाही. पण आजचा विषय शेवटी एका शब्दाशी येऊन थांबतो, आणि शब्दांची जबाबदारी या मंडळाची आहे, म्हणून आले.

सुरुवात घरापासून करते. जनकगंजातल्या आमच्या आजोळच्या वाड्यात माझे एक मामा होते. आम्ही त्यांना नानामामा म्हणत असू. ते रोज पीत. एका वर्षी हरितालिकेच्या दिवशी त्यांनी आजीच्या पायाला हात लावून दारू सोडली. दुसऱ्या दिवशी गणपती बसले, तेव्हा नानामामा आरतीला होते, पण हात थरथरत होते. तिसऱ्या दिवशी ते खोलीबाहेर येईनात. दाराची कडी वाजली तरी दचकत. चौथ्या दिवशी पुन्हा प्यायले. आजी एवढेच म्हणाली, "मनच कच्चं त्याचं." वाड्यात सगळ्यांनी ते मान्य केले. मी तेव्हा कॉलेजात होते, मीही मान्य केले.

आता आपण नागपूरला जाऊ. तिथल्या विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात प्रा. निशिकांत सुभेदार, डॉ. चोपडे, डॉ. दादासाहेब कोकरे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडांवर अनेक वर्षे काम केले. न्यूरोपेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. एक चेतापेशी ती सोडते, दुसरी टिपते. ज्या रेणूवर ती टिपली जाते त्याला ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. माळ ग्राहीवर बसली की पेशीच्या आत हालचाल सुरू होते. पेपटाइड म्हणजे निरोप आणि ग्राही म्हणजे तो घेणारा माणूस, असे समजा. निरोप एकच असला तरी तो कोणाच्या हाती पडतो त्यावर पुढचे ठरते.

आपण ग्वाल्हेरकर, म्हणून गाण्यातला दाखला देते. कोमल धैवत भैरवातही आहे आणि तोडीतही आहे. स्वर एकच, पण कोणत्या रागात लागला त्यावर ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते ते अवलंबून असते. ग्राहीचे काहीसे असेच आहे.

अशा दोन पेप्टाइडांची ओळख करून देते. पहिले न्यूरोपेप्टाइड वाय. 1982 साली स्वीडनमध्ये तातेमोतो आणि मुट यांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. त्याच्या माळेत 36 अमिनो आम्ले आहेत. त्याचे ग्राही अनेक, त्यांतले वाय-1 आणि वाय-2 आपल्या कामाचे. दुसरे पेप्टाइड अल्फा-एमएसएच, अवघ्या 13 अमिनो आम्लांचे. मेंदूत ते मुख्यतः एमसी-3 आणि एमसी-4 या ग्राहींवर काम करते. पहिले भूक वाढवते, दुसरे कमी करते. इथपर्यंत जगाला ठाऊक होते. पहिले धास्ती कमी करते आणि दुसरे वाढवते, हेही वेगवेगळ्या प्रयोगांतून दिसले होते.

पण उंदराची धास्ती मोजायची कशी? तो सांगत नाही. त्यासाठी एक साधन आहे. जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर, अधिकच्या चिन्हासारखी लाकडी चौफुली. समोरासमोरच्या दोन वाटांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. पांढऱ्या उंदराला मधोमध ठेवतात आणि पाच मिनिटे बघतात. उंदराला उघडी, उंच जागा नको असते, तो भिंत धरून राहतो. पण नवी जागा हुंगून बघण्याची हौसही त्याला असते. या दोहोंत कोणती ओढ जिंकते, ते उघड्या वाटेवर त्याने घालवलेल्या वेळावरून कळते. डायझेपामसारखे औषध दिलेला उंदीर उघड्यावर जास्त वेळ रेंगाळतो. औषधाने तो नुसताच जास्त धावत असेल तर फसगत होईल, म्हणून चारही वाटांवर मिळून किती फेऱ्या झाल्या तेही मोजतात.

नागपूरच्या गटाने 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रश्न असा होता: ही दोन पेप्टाइडे एकाच ठिकाणी एकमेकांना ओढतात का? ठिकाण होते अमिग्डाला, म्हणजे मेंदूच्या आत, कानशिलामागे, दोन्ही बाजूंना असलेला बदामाएवढा भाग. उंदरात तो अर्थातच फार लहान. भूल देऊन उंदराच्या कवटीत बारीक नळी बसवतात, तो बरा झाला की नळीतून थेंबाचाही लहानसा अंश नेमक्या जागी सोडतात. न्यूरोपेप्टाइड वाय सोडले की उंदीर उघड्या वाटेवर जास्त राहतो, अल्फा-एमएसएच सोडले की भिंतीआड दडतो. आणि दोन्हींचा एकमेकांवर परिणाम होतो. अमिग्डालात ही रस्सीखेच चालते, असा त्यांचा निष्कर्ष.

ही रस्सीखेच पेशीच्या आतही समजून घेता येते. सायक्लिक एएमपी नावाचा एक लहान रेणू पेशीत दुय्यम निरोप्याचे काम करतो. वाय-1 ग्राही जागा झाला की त्याचे उत्पादन घटते, एमसी-4 जागा झाला की वाढते. हे दोन्ही ग्राही प्रत्येक पेशीवर शेजारी शेजारी असतात असे नाही. पण एकाची चाल दुसऱ्याच्या उलट का, याचे उत्तर इथे सुरू होते.

वाय-2 ची गोष्ट आणखी वेगळी. तो बहुधा निरोप सोडणाऱ्या पेशीवरच बसलेला असतो आणि "आता पुरे" असे सांगून पुढचे पेप्टाइड सुटणे थांबवतो. म्हणून ज्या उंदरांत जनुकीय बदल करून वाय-2 काढून टाकला, ते कमी धास्तावलेले वागले. उलट 1993 साली एका प्रयोगात वाय-1 ग्राहींची संख्या घटवली, तेव्हा उंदीर जास्त धास्तावले. पेप्टाइड तेच, ग्राही बदलला आणि वागणे उलटले.

आता नानामामांकडे परत येते. याच नागपूरच्या गटाचा पुढचा अभ्यास 2006 साली आला. उंदरांना काही दिवस दारू मिसळलेला द्रव आहार दिला आणि मग ती एकदम बंद केली. उंदीर भिंतीआड जाऊन बसले. पण एमसी-4 ग्राही अडवणारे द्रव्य मेंदूत दिल्यावर ही धास्ती उतरली. म्हणजे दारू तुटल्यावर येणाऱ्या अस्वस्थतेत अल्फा-एमएसएच आणि त्याच्या ग्राहीचा वाटा आहे.

तो शोधनिबंध वाचताना मला जनकगंजातली ती बंद खोली आठवली. पांढऱ्या उंदराला शपथ घ्यायची नव्हती, आईला तोंड दाखवायचे नव्हते. त्याचे मन कच्चे की पक्के, हा प्रश्नच येत नाही. तरीही तो भिंतीआड गेला.

इथे मला स्वतःलाच अडवले पाहिजे. शास्त्रज्ञ आपल्या निबंधात "उंदराला चिंता वाटली" असे लिहीत नाहीत, "चिंतासदृश वर्तन" असे लिहितात. शब्द अवजड आहे, पण प्रामाणिक आहे. उंदराच्या मनात काय चालले ते आपण पाहिलेले नसते, फक्त तो कुठे किती वेळ बसला ते पाहिलेले असते. "सदृश" गाळला की काय होते, याचे उदाहरण आहे. सीआरएफ नावाचे आणखी एक पेप्टाइड 1981 साली सापडले. त्याचा ग्राही अडवला की उंदरांची धास्ती कमी होते, हे पुन्हा पुन्हा दिसले. मोठ्या आशेने माणसांसाठी औषधे बनवली. चिंतारोग, नैराश्य, दारूचे व्यसन, तिन्हींच्या चाचण्यांत अपेक्षित गुण आला नाही. याउलट भुकेच्या बाबतीत पूल टिकला: एमसी-4 ग्राही जागा करणारे एक औषध काही दुर्मिळ जनुकीय कारणांनी येणाऱ्या लठ्ठपणासाठी अमेरिकेत 2020 साली मंजूर झाले. भूक उंदरात आणि माणसात बरीच जवळची. धास्ती तितकी नाही. माणसाच्या धास्तीत अब्रू असते, कर्ज असते, शेजारी काय म्हणतील ते असते.

म्हणून नानामामांना जे झाले ते एमसी-4 मुळे, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे आजीच्या वाक्याइतकेच घाईचे होईल. मी इतकेच म्हणेन की जे आम्ही स्वभावाच्या खात्यात टाकले, त्यातला मोठा भाग शरीराच्या खात्यातला होता.

या प्रयोगांत उंदरांचा जीव जातो, हे मी लपवणार नाही. बहुतेकदा शेवटी मेंदूचे काप करून तपासावे लागतात. आपल्या देशात अशा प्रत्येक प्रयोगाला आधी समितीची परवानगी लागते, किती प्राणी आणि का, हे लिहून द्यावे लागते. तरीही मनाला लागते आणि लागावे. आपल्या जीवाजी विद्यापीठातही चेताविज्ञानाचा अभ्यास चालतो. तिथे शिकणारी आपली नातवंडे घरी आली की त्यांना हा प्रश्न जरूर विचारा. प्राण्यांच्या जिवावर मिळालेले ज्ञान कपाटात पडून राहू नये, एवढी तरी जबाबदारी आपली आहे.

तर ते घरात आणू या. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की काही तासांतच थरथर, घाम, धास्ती सुरू होऊ शकते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जोखमीचे. काहींना झटके येतात, काहींना भ्रम होतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. यावर ठरलेले उपचार आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. म्हणून कुणी शपथ घेतली तर आनंद माना आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. त्याला खोलीत एकटे सोडू नका.

आमच्या वाड्यात माणसे पुष्कळ होती. डॉक्टर चार गल्ल्यांवर होते. कुणी गेले नाही, कारण "मन कच्चं" हे उत्तर आम्हाला मिळालेले होते आणि त्यापुढे विचारण्यासारखे काही उरले नव्हते. नानामामा पुढे अकरा वर्षे जगले. त्यांनी पुन्हा कधी शपथ घेतली नाही, आणि आम्हीही पुन्हा कधी विषय काढला नाही.