वीज आपल्या दारात, तिचे अभियंतेही आपल्या घरात घडोत



विद्युत अभियांत्रिकीच्या शिक्षणावरील या परिषदेसाठी आपण टेंभुर्णीला आलात. स्वागत समितीच्या आणि समस्त माढा तालुक्याच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

विजेचा पसारा पाहायला आमच्या मुलांना फार लांब जावे लागत नाही. उजनी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. साखर कारखाने बगॅसवर वीज तयार करतात. सोलापूरजवळ एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले. देशाचे एकच ग्रिड झाले, ते आपल्या जिल्ह्यातून!

तरीही ऐन उन्हाळ्यात ऊस वाळत असताना शेतकऱ्याची मोटर जळते. तीनपैकी एक फेज जातो, मोटर नुसती घुमते, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो आणि वाइंडिंग काळे पडते. मोटर भरायला टाकली की पाण्याची पाळी चुकते. ‘असे का होते?’ हा प्रश्न ज्या मुलाला पडतो, तो अर्धा अभियंता झालाच. उरलेले अर्धे काम आपल्या संस्थांचे आहे.

पालकहो, वाट एकच नाही. दहावीनंतर आयटीआय, तिथून डिप्लोमा, डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावीनंतर सीईटी आहेच. पुढे महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आहेत. गेट परीक्षेतून केंद्रीय कंपन्या आणि एम.टेक. आहे, सौर प्रकल्प, विजेवरच्या गाड्या, रिले टेस्टिंग आहे. परवाना काढून स्वतःची ठेकेदारीही करता येते. हे काम मुलीही तितक्याच ताकदीने करतात. त्यांना या शाखेपासून अडवू नका.

येथील उद्योजक आणि कारखानदार बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे : आपल्या सबस्टेशनची, टर्बाइनची, पॅनेल रूमची दारे विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी उघडा. फळ्यावरचे सर्किट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अभियंता घडत नाही.