शेतीचे शिक्षण कोणाच्या हाती?



१९७३ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने उदयपूरच्या डॉ. मोहनसिंह मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९७४ मध्ये पाँडिचेरीला देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. कल्पना मोठी साधी होती. शाळा सुटलेला तरुण, शेतात राबणारी स्त्री, अल्पभूधारक यांना प्रत्यक्ष कामातून शिकवायचे. पदवी नको, परीक्षा नको. आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत, म्हणजे साधारणतः जिल्ह्याला एक. केंद्रात विषयतज्ज्ञ सहा आणि मोठ्या जिल्ह्यात गावे हजारावर! हिशेब ज्याचा त्याने करावा.

२००३ साली राष्ट्रीय नमुना पाहणीने शेतकरी कुटुंबांना विचारले, शेतीची नवी माहिती तुम्हाला कोठून मिळते? शेकडा साठ कुटुंबांना ती कोठूनच मिळत नव्हती. बी-बियाणे व औषधे विकणाऱ्या दुकानदाराकडून ती घेणारी कुटुंबे शेकडा १३.१ होती; सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून घेणारी ५.७, आणि कृषी विज्ञान केंद्राकडून अवघी ०.७. दुकानाच्या पाटीवरही ‘कृषी सेवा केंद्र’ असेच लिहिलेले असते, हा योगायोग मार्मिक म्हटला पाहिजे. त्याच वर्षी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या सरकारी संस्थेने या दुकानदारांसाठीच एक वर्षाची पदविका सुरू केली. दुकानदाराला ज्ञान असावे, यात वाद नाही. पण ज्याचा नफा बाटली खपण्यावर अवलंबून, तो ‘यंदा फवारू नका’ असे कशाला सांगेल?

या व्यवस्थेची किंमत २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने मोजली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषधे एकात एक मिसळलेली, तोंडावर फार तर एक फडके. विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो इस्पितळात गेली. त्यांत मजुरीने फवारणी करणारे पुष्कळ होते. सरकारदरबारी शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला. शिबिराचे निमंत्रण त्याला; पंप मात्र भूमिहीनाच्या पाठीवर. निंदणी-वेचणी करणाऱ्या बायांचे नाव तर दोन्हीकडे नाही.

तेव्हा मागणी केवळ अधिक केंद्रांची असू नये. प्रशिक्षणार्थींची यादी सातबाऱ्यावरून नव्हे, तर रोजगार हमीच्या हजेरीपटावरून, ग्रामसभेत व्हावी. शिबिर गावात, फवारणीच्या हंगामापूर्वी भरावे. आणि शिकण्याच्या दिवशी बुडणारी मजुरी केंद्राने त्याच संध्याकाळी रोख चुकती करावी.