आजोबांना शुगर नव्हती

परभणीतल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसा, थोड्या वेळात एक वाक्य कानावर पडतंच. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात कुणालाच शुगर नव्हती, मग मलाच कशी काय?" माणूस खोटं बोलत नसतो. पण आजोबांची शुगर कुणीतरी तपासली होती, असं तो धरून चालतो. आणि आजोबांना आजार झाला नाही म्हणजे त्याचं बीजही त्यांच्यात नव्हतं, हेही.

पहिली गोष्ट सोडून देऊ. जिंतूर-गंगाखेडकडच्या वाड्या-तांड्यांवर त्या काळी रक्त कोण तपासणार? दुसरी मात्र नीट पाहायला हवी. 1972 च्या दुष्काळात आजोबा सरकारी कामावर खडी फोडत होते, सुकडीवर दिवस काढत होते. पुढं पाऊसपाणी बरं झालं तरी ज्वारीची भाकरी, वरण आणि दिवसभर औतामागं चालणं. नातवाकडं आज जी जनुकं आहेत, त्यातली पुष्कळशी आजोबांकडूनच आलेली. आजोबांच्या अंगात त्यांना डोकं वर काढायला फुरसत मिळाली नाही, इतकंच. नातू कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसतो, शेतात मोटारसायकलवर जातो आणि येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर गोड चहा घेतो. दोन पिढ्यांत जनुकं फारशी बदलत नाहीत हो. दिनक्रम मात्र पार बदलतो.

"पण मी तर काडीपैलवान, मला कशी होईल?" याचं उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी 2.7 किलो; इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमट्यात धरून मोजली, तर तिथली चरबी त्यामानानं फारशी कमी भरली नाही. दिसायला बाळ रोडकं, आतून चरबी राखून असलेलं. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3, अगदी एकसारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! वजनकाटा आपल्या लोकांना किती फसवतो, हे सांगायला मला तरी याहून चांगला पुरावा माहीत नाही. म्हणून कमरेला टेप लावावा. पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायांना 80, त्यापुढं गेलं की तपासणी करून घ्यायची.

हे सगळं जनुकांच्या माथी मारता येत नाही. आईच्या रक्तात जीवनसत्त्वांपैकी बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मूल सहा वर्षांचं होताना त्याचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, असं त्याच गावांमध्ये दिसलं. आणि जनुकं म्हणाल तर मधुमेहाशी नातं असलेल्या जागा शेकड्यांनी सापडल्या आहेत. टीसीएफ7एल2 हे त्यातलं दांडगं जनुक 2006 मध्ये आइसलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं, पुढच्याच वर्षी पुण्याच्या रुग्णांतही त्याचं मधुमेहाशी नातं दिसलं. तरी ते एकटं फार मोठा धोका वाढवत नाही.

हृदयाच्या बाबतीत मात्र कधी कधी एकच जनुक पुरतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलून घेणारा यकृतातला ग्राही (रिसेप्टर) ज्यामुळं बिघडतो, असा दोष जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो. हा ग्राही शोधणारे संशोधक ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना त्यासाठी 1985 चं नोबेल मिळालं. या दोषाची एक खूण घरीसुद्धा पाहता येते. टाचेच्या मागची जाड शीर बोटांनी चाचपा. ती एखाद्या ठिकाणी गाठाळ, जाडजूड लागली, बोटांच्या पेरांवरही तशाच टणक गाठी असल्या, तर त्या वातावर ढकलू नका, कोलेस्टेरॉल तपासा. एका पालकाकडून हा दोष आला तर चाळिशी-पन्नाशीत झटका येण्याचा धोका, पण औषधं चांगली लागू पडतात. दोघांकडून आला तर शाळेच्या वयातच झटका येऊ शकतो. आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत अजून आहे. कुणाची रीत मोडायला मी इथं बसलेलो नाही. पण ज्या घरात दोन-तीन माणसं ऐन उमेदीत ॲटॅकनं गेलीत, त्या घरानं सोयरीक आतल्या आत जुळवण्याआधी मुलामुलीची कोलेस्टेरॉलची तपासणी करून घ्यावी. दोघांतही दोष निघाला, तर प्रत्येक अपत्यामागं चारात एक वेळा तो दुहेरी उतरतो.

हृदयाच्या स्नायूचंही असंच. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले थंगराज आणि इतर संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की एका जनुकातली 25 अक्षरं गळालेली माणसं आपल्या उपखंडात शंभरात चारच्या आसपास आहेत, आणि उतारवयात त्यांचं हृदय थकण्याचा धोका जास्त आहे.

तेव्हा दवाखान्यात जाताना घरच्या माणसांची यादी सोबत न्या : कोण गेलं, कितव्या वर्षी, कशानं. वंशावळीत बहुधा आजा, पणजा, खापरपणजा असे पुरुषच असतात. डॉक्टरांना आईच्या माहेरची माणसंही हवीत, आणि लग्न होऊन सेलूला गेलेली आत्यासुद्धा.