‘झोप’ म्हटल्याने झोप येत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या न्हावा शेव्याला अशी रात्र होतच नाही. सूर्य मावळतो, अजान होते, कोळीवाड्यातल्या देवळात आरतीची घंटा वाजते, पण अंधार काही पडत नाही. बंदरातल्या उंच खांबांवरचे दिवे लागतात आणि आभाळ पिवळसर होऊन बसतं. हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, आणि बंदराचं काम म्हणजे चोवीस तासांचं. ट्रेलर मागे घेताना होणारी टीं-टीं, क्रेनची घरघर, मधूनच लोखंडावर लोखंड आपटल्याचा दणका. जानेवारी २०२४ पासून अटल सेतूच्या दिव्यांची माळही थेट शिवडीकडे गेलेली दिसते. मी बंदरातल्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीत जवळजवळ तीस वर्षं कारकुनी केली, रात्रपाळ्या केल्या, आणि फावल्या वेळात कविता केल्या. कवीला झोप येत नाही याचं कुणाला नवल वाटत नाही. उलट लोकांना ते शोभून दिसतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीला झोप येईनाशी झाली की सगळ्या घराचीच झोप उडते.

माझी धाकटी मुलगी तेव्हा दहावीत होती. शाळा सकाळी सातची. दहाला दिवा मालवायचा, आणि एक वाजला तरी ही टक्क जागी. पहिल्या आठवड्यात मी रागावलो. दुसऱ्या आठवड्यात मोबाइल कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. तिसऱ्या आठवड्यात उपदेश सुरू केला. दर अर्ध्या तासाने दाराशी जाऊन विचारायचो, “झोपलीस का?” हा प्रश्न किती खुळा आहे पाहा. झोपलेला माणूस त्याचं उत्तर देऊ शकत नाही, आणि जागा असलेला माणूस त्या प्रश्नानेच अधिक जागा होतो.

एका रात्री ती म्हणाली, “अब्बा, तुम्ही दाराशी उभे असता ना, तुमची सावली खालच्या फटीतून दिसते. मग मी झोपेचं सोंग घेते, आणि सोंग घेता घेता होती ती झोपही जाते.” थोडं थांबून तिने हळूच विचारलं, “मला काही झालंय का हो?”

त्या शेवटच्या वाक्याने मी हललो. मुलीला झोप येत नव्हती हे दुःख लहान होतं. आपल्यात काहीतरी बिघडलंय, असं तिला वाटू लागलं होतं, हे दुःख मोठं. आणि तसं वाटायला लावण्यात तिच्या बापाचा हात होता. मग मी वाचायला लागलो. मी साधा बी. ए. झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण कागद वाचण्याची सवय कचेरीने लावलेली आहे.

पहिली गोष्ट कळली ती अशी की वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य स्रवू लागतं आणि रात्र झाल्याची वर्दी शरीराला देतं. किशोरवयात हे स्रवणं उशिरा सुरू होतं. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या मेरी कार्सकॅडन यांनी यावर कितीतरी वर्षं काम केलं. म्हणजे तुम्हाआम्हाला दहाला पेंग येते तेव्हा पोराच्या शरीरात अजून संध्याकाळच असते. आणि झोपेची गरज मात्र आठ ते दहा तासांची. सकाळी सातची शाळा धरायची तर ही बेरीज कुठल्याच वहीत जुळत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळेचा विषय काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. चांगलं झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती आठवी-नववी-दहावीची मुलं त्यात आलीच नाहीत. कॅलिफोर्नियात २०२२ पासून नेमकं उलट आहे: तिथे माध्यमिक शाळांना साडेआठच्या आधी घंटा देता येत नाही, ग्रामीण भागातल्या काही शाळांचा अपवाद सोडला तर. असो. शाळेची वेळ आपल्या हातात नाही, अंथरुणातला तो तास-दीड तास थोडाफार आहे.

दुसरी गोष्ट मला वाचावी लागली नाही. आठवावी लागली.

जानेवारी १९८४. मी चौदा वर्षांचा होतो आणि आम्ही तेव्हा उरणात राहत होतो. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं होतं. १६ आणि १७ जानेवारी, दोन दिवस गोळीबार झाला, पाच माणसं गेली. मी प्रत्यक्ष काही पाहिलं नव्हतं. मोठ्या माणसांची कुजबुज तेवढी ऐकली होती. पण डोळे मिटले की पळणारी पावलं ऐकू यायची. रात्रीमागून रात्री मी गोधडीत नुसता पडून असायचो. शेजारी दादी झोपायची. तिची सगळी हयात मिठागरावर गेलेली. ती मला कधी ‘झोप’ म्हणाली नाही. म्हणायची, “चल, मिठागरावर जाऊन येऊ.”

आणि अंधारात विचारू लागायची. उघाडीपाशी आलास का? पाणी चढतंय की उतरतंय? बांधावर पाय ठेव, चिखल गार लागतोय ना? आता डाव्या हाताच्या वाफ्यात बघ, मीठ धरलंय का? मी उत्तरं द्यायचो. हळूहळू तिच्या दोन प्रश्नांमधलं अंतर वाढत जायचं, माझी उत्तरं तुटक व्हायची. मिठाच्या राशींपर्यंत मी कधी पोचलोच नाही.

पुढे अनेक वर्षांनी वाचलं की २००२ साली ऑक्सफर्डमध्ये ॲलिसन हार्वी आणि सुझॅना पेन या दोघींनी निद्रानाश असलेल्या लोकांवर असाच प्रयोग केला. काहींना सांगितलं, मनात एखादं रम्य, शांत दृश्य बारीकसारीक तपशिलांनिशी उभं करा. काहींना सांगितलं, काळज्या बाजूला सारा, पण कसं ते तुमचं तुम्ही बघा. दृश्यवाले लवकर झोपले. कारण असं की मनाला नुसतं ‘विचार करू नकोस’ म्हटलं तर ते तेच करत बसतं. त्याला जायला जागा द्यावी लागते, आणि ती जागा इतकी तपशिलाची हवी की काळजीला तिथे उभं राहायला फट मिळू नये. आकडे मोजण्यात ती ताकद नाही. आकडे मोजता मोजता माणूस सुखेनैव गणिताच्या पेपराची काळजी करू शकतो.

माझ्या मुलीने मिठागर नीट पाहिलेलं नाही. मी विचारलं, तुला कुठे जायला आवडेल? ती म्हणाली, मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला. मग तिने तो प्रवास बांधला: तिकिटाची खिडकी, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, डिझेलचा वास, इंजिनाची धडधड पायातून वर येते ती, उजव्या हाताला घारापुरीचा डोंगर. एकच अट, घाई करायची नाही, आणि मन पळालं तर न रागावता पुन्हा तिकिटाच्या खिडकीशी यायचं.

मनाच्या आधी शरीर सैल झालं तर हे सोपं जातं. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी शंभर वर्षांपूर्वी एक साधी युक्ती बसवली आणि १९२९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पायाची बोटं पाच सेकंद आवळायची, मग एकदम सोडायची आणि सोडल्यावरचा सैलपणा नीट जाणवू द्यायचा. तसंच पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा. जबडा विसरू नका. परीक्षेच्या दिवसांत मुलं रात्रभर दात आवळून असतात. आपल्याकडे शवासन आहेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ते शिकवून पाहिलं आणि १९६९ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो झोपेचा अभ्यास नव्हता, पण निश्चल पडून श्वासाकडे लक्ष देण्याने शरीरात मोजता येईल असा फरक पडतो, हे त्यातून दिसलं.

श्वासाचं म्हणाल तर आत घेताना चार अंक, सोडताना सहा किंवा आठ. सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. दादी झोपण्यापूर्वी तसबीह फिरवायची, शेजारच्या काकू जपमाळ ओढायच्या. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी ख्रिस्ती जपमाळ आणि एक बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मोजला. दोन्हींमध्ये तो मिनिटाला साधारण सहावर आला. दादी आणि काकू दोघींना हे सांगितलं असतं तर दोघींनी ‘त्यात काय नवीन?’ असंच म्हटलं असतं.

पण काही काळज्या अशा असतात की त्या लाँचमध्येही चढून बसतात. त्यांच्यासाठी कागद. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ तरुणांपैकी निम्म्यांना झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या करायच्या कामांची यादी लिहायला दिली, बाकीच्यांना झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. मला वाटलं होतं, उलट होईल. पण कामं कागदावर उतरली की ती सांभाळायची जबाबदारी कागदाची होते. मी मुलीला जुनी, पाठकोरी बिलं दिली. तिने काय लिहिलं ते मी वाचत नाही. ही शपथ मात्र पाळावी लागते.

एवढं करूनही वीसेक मिनिटांत झोप नाही आली, तर पडून राहू नये, उठावं. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली हा नियम मांडला. अंथरूण हे तळमळण्याची जागा आहे असं शरीराने शिकता कामा नये, हे त्यामागचं सूत्र. ते म्हणतात, पलंग झोपेखेरीज कशाला वापरू नका. आता आपल्या दोन खोल्यांच्या घरात पलंगावरच अभ्यास, पलंगावरच जेवण, पाहुणा आला की तोही पलंगावर. मग निदान एवढं करावं, की झोपायच्या वेळी चादर झटकून बदलावी आणि उशी त्याच वेळी बाहेर काढावी. दिवसभर उशी दिसू नये.

संध्याकाळचा चहा बंद केला, घरातले दिवे नवानंतर मंद केले. खिडकीला जाड चादर लावली. बंदराच्या दिव्यांवर तोच उपाय. रविवारी मात्र तासाभरापेक्षा जास्त लोळू देऊ नये, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, मूल घोरत असेल, सतत उदास असेल, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर श्वास मोजत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा चोवीस तास असते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

विज्ञानाच्या पेपराच्या आदल्या रात्री मला एक वाजता स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. मी दाराशी गेलो नाही, सरळ आत गेलो. मुलगी ओट्याजवळ बसून मोड आलेले वाल सोलत होती. लाँच तीनदा भाऊच्या धक्क्याला लागली म्हणाली, म्हणून उठले. मी समोर बसलो आणि सोलू लागलो. दोघंही बोललो नाही. वाल सोलणं हे फार कंटाळवाणं काम आहे, बोटांना ओलं-गार लागतं आणि डोक्याला काही लागत नाही. बाहेर ट्रेलरची टीं-टीं चालू होती. दहा-पंधरा मिनिटांनी तिची मान एकदा कलली, दुसऱ्यांदा कलली. “जाते हां अब्बा,” म्हणून ती उठून गेली.

उरलेले वाल मी सोलले. दुसऱ्या दिवशी पेपरावरून आल्यावर तिने दोन ताटं बिरडं खाल्लं.