हातात मावणारा टॅब आणि घरातला रोज
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



२५ डिसेंबर २०२१ हा अटलबिहारी वाजपेयी यांच्या जयंतीचा दिवस. त्या दिवशी लखनौच्या इकाना क्रिकेट स्टेडियमवर उत्तर प्रदेश सरकारने अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक मोठा कार्यक्रम केला. ६० हजार स्मार्टफोन आणि ४० हजार टॅब यांच्या वाटपाची ती सुरुवात होती. विद्यार्थ्यांना अर्ज करावे लागले नाहीत. त्यांची माहिती त्यांच्या शिक्षणसंस्थांनीच ‘डिजिशक्ती’ या संकेतस्थळावर भरायची होती. समारंभ एका दिवसाचा होता. ज्यांच्या हाती टॅब आला, त्यांच्यापुढचा खरा प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहिला असणार: या वस्तूवर आज काय करायचे, आणि ते नीट होईल का?

हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरात आहे. मूल आठवीत गेले, दहावीत आले की ‘टॅब घ्यावा का?’ ही चर्चा सुरू होते. शाळेला काही द्यावे असे माजी विद्यार्थ्यांच्या मनात येते, तेव्हाही टॅबचे नाव हमखास निघते. चर्चेत किंमत आधी येते, काम मागाहून. वास्तविक लहान आणि स्वस्त टॅब मुळात चांगला किंवा वाईट नसतो. एखाद्या कामाला तो पुरतो, एखाद्या कामाला अपुरा पडतो. म्हणून आधी घरातल्या रोजच्या कामांची यादी करावी आणि मग त्या यादीपुढे टॅब ठेवून पाहावा. या व्याख्यानाचे सूत्र एवढेच आहे.

याच्या उलट क्रमाने गेल्यास काय होते, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. २०१० च्या जुलैमध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या संगणकाचा नमुना लोकांसमोर ठेवला. आकडा आधी ठरला आणि यंत्र त्या आकड्यात बसवावे लागले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅबचे उद्घाटन झाले. सरकारला एक नग सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. स्क्रीन ७ इंचाचा, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. स्क्रीन दाबाने चालणारा असल्यामुळे हलक्या स्पर्शाला तो दाद देत नसे. इंटरनेटसाठी वाय-फाय हवे होते, आणि त्या काळी फारच थोड्या विद्यार्थ्यांच्या घरी वाय-फाय होते. पुढे पवईच्या आयआयटी मुंबईकडे या प्रकल्पाची धुरा आली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ आला. त्याचा प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम ५१२ एमबी आणि स्क्रीन हलक्या बोटाने चालणारा होता. साधारण वर्षभरात एवढ्या सुधारणा कराव्या लागल्या, यावरून पहिल्या नगात रोजच्या वापराच्या दृष्टीने किती उणिवा होत्या ते कळते.

लखनौने मधल्या काळात दुसरी वाटही चोखाळून पाहिली. ११ मार्च २०१३ रोजी तिथे बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्यास प्रारंभ झाला. लॅपटॉप महाग, जड आणि जागा अडवणारा. पण त्याला कळफलक असतो. २०२१ मध्ये त्याच शहरात सरकारने टॅब निवडला. तो वजनाने हलका, किमतीने कमी आणि हातात मावणारा. या दोन निवडींमध्ये जो फरक आहे, तोच प्रत्येक पालकाच्या निर्णयातही असतो. म्हणून काही कसोट्या लावून पाहाव्या लागतात.

कसोटी लावायला एखादे ठोस उदाहरण समोर असावे. २०२१ मध्येच भारतात आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए-७ लाइट हा या वर्गाचा चांगला प्रतिनिधी मानता येईल. त्याचा स्क्रीन ८.७ इंच, १३४० × ८०० पिक्सेलचा. रॅम ३ जीबी, साठवण ३२ जीबी, बॅटरी ५,१०० एमएएच, वजन पाव किलोपेक्षा जास्त आणि अर्ध्या किलोपेक्षा कमी. आज बाजारात नावे बदलली आहेत, पण लहान टॅबच्या मापांची जात साधारण हीच आहे.

पहिली कसोटी पानाची. या टॅबचा स्क्रीन मोजला तर रुंदी सुमारे ११.३ सेंटिमीटर आणि उंची १९ सेंटिमीटर भरते. ए-४ पानाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. टॅब उभा धरून असे पूर्ण पान उघडले की ते जवळजवळ निम्म्यावर येते. छापील १४ पॉइंटचे अक्षर तिथे साडेसात पॉइंटचे होते आणि त्याच्या उंचीच्या वाट्याला जेमतेम १८-१९ पिक्सेल येतात. इंग्रजी अक्षर एवढ्यात निभावून जाते. देवनागरीला मात्र त्याच उंचीत वरची वेलांटी, रफार, मधले जोडाक्षर आणि खालचा उकार असे सगळे बसवायचे असते. ‘राष्ट्र’, ‘वैशिष्ट्य’, ‘उद्ध्वस्त’ असे शब्द अशा वेळी डोळ्यांना ताण देतात. टॅब आडवा धरला तर अक्षर मूळच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मोठे होते, पण पानाचा दोन-पंचमांशांहून थोडाच अधिक भाग एका वेळी दिसतो. गणिताची आकृती वर राहते आणि तिचे स्पष्टीकरण खाली जाते. तात्पर्य असे की, कथा, कविता किंवा वर्तमानपत्रातला लेख वाचायला लहान टॅब उत्तम. मोठ्या आकाराचे पाठ्यपुस्तक रोज तासन्तास वाचायला तो अपुरा. बालभारतीची पुस्तके संगणकीय रूपात विनामूल्य मिळतात, ही फार मोठी सोय आहे. तरीही छापील पुस्तकाची जागा या आकाराच्या टॅबला घेता येणार नाही.

दुसरी कसोटी लेखनाची. आडव्या टॅबवर कळफलक उघडला की उरलेल्या जागेत चार-पाच ओळी दिसतात. मराठीत बोलून टंकन करण्याची सोय गुगलने २०१७ मध्ये दिली, तिचा उपयोग लहान उत्तरांना होतो. निबंध, प्रकल्प-अहवाल, तक्ता असलेली नोंद ही कामे वेगळा कळफलक जोडल्याशिवाय सुखाने होत नाहीत. दहावीची परीक्षा तर कागदावर, हाताने लिहायची असते. तिची तयारी वहीतच व्हायला हवी. टॅब वहीशेजारी ठेवून त्यावर उदाहरण पाहायचे आणि सोडवायचे वहीत, हा त्याचा सर्वात योग्य उपयोग. महाविद्यालयात गेलेल्या, दर महिन्याला अहवाल लिहाव्या लागणाऱ्या मुलासाठी मात्र तेच पैसे जुन्या पण धडधाकट लॅपटॉपकडे वळवावेत.

तिसरी कसोटी विजेची आणि नेटवर्कची. ५,१०० एमएएचची बॅटरी नवी असताना सहा-सात तासांचे वाचन किंवा चित्रफिती पाहणे सहज पेलते. भारनियमनाच्या दिवशी हे मोठेच बळ आहे. पण नेटवर्कचे काय? केवळ वाय-फायवर चालणारा टॅब स्वस्त असतो, मात्र तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर अवलंबून राहतो. वडील फोन घेऊन कामावर गेले की मुलाचा वर्ग बंद. ज्या घरात स्थिर वाय-फाय नाही, तिथे सिमकार्ड बसणारा टॅबच घ्यावा, नाहीतर धडे आधी उतरवून ठेवण्याची शिस्त लावावी. त्यासाठी साठवण मोजावी लागते. ३२ जीबीतला बराच भाग यंत्रणेलाच लागतो. १० जीबी मोकळे राहिले असे धरले, तर मध्यम प्रतीच्या २०-३० तासांच्या चित्रफिती त्यात मावतात. मेमरी कार्डाची खाच आहे की नाही, हे म्हणून आधी विचारावे.

चौथी कसोटी काळाची. नवा टॅब पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडतो. त्याची परीक्षा तिसऱ्या वर्षी होते. तोवर बॅटरी मंदावलेली असते, चार्जिंगची पिन सैल झालेली असते, सुरक्षेचे नवे अद्ययावतन येणे थांबण्याच्या बेतात असते. लखनौत हजरतगंजलगतच्या नाझा मार्केटसारखी मोठी संगणकपेठ आहे. तालुक्याच्या गावी एखादेच दुकान असते आणि अनोळखी कंपनीच्या टॅबची काच तिथे मिळेलच असे नाही. दुरुस्ती कुठे होते आणि अद्ययावतन किती वर्षे मिळणार, हे दोन प्रश्न किमतीच्या बरोबरीने विचारायला हवेत.

काळाची हीच कसोटी टॅबमधल्या मजकुरालाही लागते. मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले आणि बालभारतीचा अभ्यासक्रम त्यांत भरून दिला. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू स्तुत्यच होता. पण २०१८ मध्ये आठवीचा अभ्यासक्रम बदलला. यंत्र चालू असले तरी आतला धडा जुना होतो, आणि तो बदलण्याचे काम कोणाकडे आहे हे आधी ठरलेले नसेल तर टॅब कपाटात जातो. शाळेला टॅब भेट देऊ इच्छिणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

लखनौचा विषय निघाला की मराठी माणसाला आणखी एक नाव आठवते, ते पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचे. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तिथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. पुढे त्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. भातखंडे यांनी शेकडो बंदिशी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सोप्या स्वरलिपीत उतरवल्या. काही बिंदू, काही रेषा आणि नेहमीची अक्षरे एवढ्यावर ती लिपी उभी आहे. म्हणूनच ती सामान्य विद्यार्थ्याच्या हाती पोहोचली. तरीही त्या पुस्तकावरून गाणे शिकवायला वर्गात गुरू होता आणि घरी रियाज होता. स्वस्त, सुटसुटीत साधनाची ताकद आणि मर्यादा या एका उदाहरणात एकत्र दिसतात. ज्या घरात मुलाजवळ बसून ‘आज काय पाहिलेस, सांग बरे’ असे विचारणारे कोणी आहे, त्या घरात साधा टॅबही फळाला येतो.

आता निष्कर्ष. छापील पुस्तके हाताशी असलेल्या आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्याला दुसरे साधन म्हणून लहान टॅब पुरतो. प्राथमिक शाळेतल्या मुलाला स्वतःचा वेगळा टॅब देण्याची गरज नाही. घरातल्या आजी-आजोबांना मात्र तो अतिशय सोयीचा. अक्षर हवे तेवढे मोठे करून वर्तमानपत्र वाचता येते, कीर्तन ऐकता येते, परगावच्या नातवंडांना पाहता येते. आणि फोनसारखा तो बोटांना अडचणीचा वाटत नाही. दोन भावंडांत एकच टॅब असेल, तर वेळापत्रक भिंतीवर लावावे. नाहीतर लहान बहिणीच्या वाट्याला नेहमी संपत आलेली बॅटरी येते.

माजी विद्यार्थ्यांसाठी सूचना अशी की, प्रत्येक मुलाला एक याप्रमाणे शंभर टॅब देण्यापेक्षा शाळेच्या ग्रंथालयात दहा टॅब द्यावेत. पुस्तकांप्रमाणेच त्यांची देवघेव नोंदवहीत व्हावी. देणगीचा एक भाग आवरण, चार्जर, दुरुस्ती आणि दरवर्षी मजकूर बदलण्यासाठी बाजूला ठेवावा. ज्या मुलाच्या घरी काहीच साधन नाही, त्याला परीक्षेच्या आधीचे दोन महिने टॅब घरी नेता यावा. मार्च २०२० नंतर शाळा बंद होत्या, तेव्हा एका फोनभोवती बसलेली भावंडे या सभागृहातल्या अनेकांनी पाहिली आहेत. ती वेळ पुन्हा आली, तर शाळेच्या कपाटात निदान चालू स्थितीतले दहा टॅब असावेत.

आणि पालकांसाठी एक साधी विनंती. टॅब घ्यायला दुकानात जाताना मुलाला बरोबर न्यावे आणि त्याचे विज्ञानाचे पुस्तकही पिशवीत घ्यावे. तेच पुस्तक टॅबवर उघडायला लावावे, दोन्ही शेजारी ठेवावेत आणि मुलाला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावे. तो सहज वाचू लागला तर पुढची चौकशी करावी. तो डोळे बारीक करून स्क्रीन जवळ ओढू लागला, तर किंमत कितीही कमी असली तरी तो टॅब परत ठेवावा.