सेन्सर बदलण्याआधी

   

गॅरेजमालक आणि मिस्त्रींच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मी धंद्याचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. इलेक्ट्रिक गाड्या वाढताहेत. २०२० साली बीएस-६ आलं आणि साध्या मोटारसायकलींवरही इंजेक्शन आणि सेन्सर दिसू लागले. सुट्या भागांचे भाव चढताहेत, हाताशी कसबी माणूस टिकत नाही. या प्रत्येक विषयावर स्वतंत्र सत्र ठेवलेलं आहे आणि बोलणारे माझ्याहून जाणकार आहेत. मला बोलायचं आहे ते एकाच भागाबद्दल. एक्झॉस्टला आटे पाडून बसवलेला बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर. हे बोलण्याची संधी मी बरीच वर्षं शोधत होतो.

माझी तक्रार अशी. आपण हा सेन्सर विनाकारण बदलतो. चांगला, चालू सेन्सर काढून भंगारात टाकतो, गिऱ्हाइकाकडून हजारो रुपये घेतो आणि मूळ बिघाड गाडीत तसाच ठेवून किल्ली परत देतो. महिन्यानं चेक इंजिनची लाईट पुन्हा लागते आणि दोष ‘कंपनीचा’ किंवा ‘पेट्रोलचा’ ठरतो.

तो सेन्सर करतो काय, हे नव्या पोरांसाठी सांगतो. आत झिर्कोनियाची, म्हणजे एका सिरॅमिकची, टोपी असते. तिच्यावर प्लॅटिनमचा थर. एक बाजू धुरात, दुसरी बाहेरच्या हवेत. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की व्होल्टेज तयार होतं. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर धुरात ऑक्सिजन उरत नाही आणि मीटर ०.८, ०.९ व्होल्ट दाखवतो. लीन, म्हणजे पेट्रोल कमी, असेल तर ०.१, ०.२. मधली सीमा ०.४५. ही टोपी सुमारे ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर दिलेला असतो. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, हा आकडा वाचून पेट्रोल कमी-जास्त करतं आणि मिश्रण एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा या प्रमाणाच्या आसपास खेळवत ठेवतं. ते तिथं राहिलं तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही प्रकारचे विषारी वायू एकाच वेळी मारू शकतो. १९७६ साली बॉशनं हा सेन्सर बाजारात आणला आणि अमेरिकेसाठी बनलेल्या व्होल्वो गाड्यांवर तो लागला, तो याच कामासाठी.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या सेन्सरला पेट्रोल कळत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन कळतो.

एकदा आंबा घाट चढून एक गाडी माझ्याकडे आली. घाटात झटके, मागून काळा धूर, ॲव्हरेज निम्म्यावर. स्कॅनर म्हणतो पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन. प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट, म्हणजे रिच. आधीच्या गॅरेजनं ठरवलं की सेन्सर खोटं बोलतोय, आणि नवा घातला. त्यानंही तेच सांगितलं. गाडीत एका सिलिंडरची कॉइल कमजोर झाली होती. त्या सिलिंडरमध्ये ठिणगी नाही, म्हणून पेट्रोल न जळता बाहेर, आणि त्याच्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर. सेन्सरनं ऑक्सिजन पाहिला आणि लीन सांगितलं. ईसीएमनं सगळ्याच सिलिंडरांना पेट्रोल वाढवलं. दोन्ही सेन्सर शंभर टक्के खरं सांगत होते. कॉइल बदलली, गाडी सरळ झाली.

राखणीचा कुत्रा रात्री भुंकला म्हणून कुणी कुत्रा बदलत नाही, दार उघडून बाहेर बघतो. आपण मात्र कुत्राच बदलतोय.

मालकाची तक्रार असते, ‘पिकअप गेलाय.’ त्याला विचारा, कधी गेलाय? पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी उचलत नसेल तर आधी सेन्सरकडे जाऊ नका. पूर्ण थ्रॉटलला ईसीएम सेन्सरच्या आकड्यामागे धावत नाही, आपल्या कोष्टकावरून पेट्रोल देतं. मागे शिकून ठेवलेली दुरुस्ती तेवढी त्यात मिसळते. तिथं फिल्टर, पेट्रोलचं प्रेशर, तुंबलेला कन्व्हर्टर बघा. आयडलिंगला आणि सावकाश चालवताना झटके येत असतील, आरपीएम खालीवर होत असेल, तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे.

सेन्सर खरोखर खराब होतो, आणि झाला की गाडीचं वाटोळं करतो, हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचं आहे. सिग्नल खाली अडकला की ईसीएमला गाडी कायम लीन वाटते. ते पेट्रोल ओतत राहतं. पेट्रोल सिलिंडरची भिंत धुतं, ऑइलमध्ये उतरतं. त्यातून एखादा सिलिंडर मिस करू लागला की न जळलेलं पेट्रोल आणि हवा दोन्ही कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतात आणि आतला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा वितळून वाट बंद करतो. दोन-तीन हजारांच्या भागापायी कित्येक पट महाग भाग जातो. सिग्नल वर अडकला तर उलटं. पेट्रोल कापलं जातं, इंजिन लीन चालतं, ॲक्सिलरेटर दिला की अडखळतं, मिस करतं. नुसता आळसावलेला सेन्सर सर्वांत फसवा, कारण आकडे हलताना दिसतात, पण उशिरा हलतात. आणि हीटर गेला तर गंमत अशी की गाडी तापल्यावर सगळं ठीक वाटतं. सकाळी पहिली काही मिनिटं मात्र ती डोळे मिटून पेट्रोल पिते.

पण सेन्सर आपोआप मरत नाही. त्याला कुणीतरी मारतं. पूर्वी शिसं मारायचं. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आले, तेव्हा बिनशिशाचं पेट्रोल सगळीकडे मिळत नव्हतं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं गेलं. आता मारणारे दुसरे आहेत. हेड गॅस्केट गेलं की कूलंट जळून सेन्सरच्या टोकावर थर बसतो. ऑइल जळणाऱ्या इंजिनात ऑइलमधला फॉस्फरस बसतो. आणि टॅपेट कव्हरला स्वस्तातलं, आंबट वासाचं सिलिकॉन चोपडलं की त्याची वाफ इंजिनात जाते आणि टोकावर पांढरी भुकटी दिसते. अशा पांढऱ्या टोकाचे सेन्सर माझ्या टेबलाच्या खणात आहेत. सगळे दुसरीकडून आलेल्या गाड्यांचे. नवा घातलात आणि गळती तशीच ठेवलीत, तर नवाही त्याच वाटेनं जाणार.

म्हणून माझी मागणी एकच: दहा मिनिटांची परीक्षा. इंजिन तापवा, मीटर लावा. व्हॅक्यूमची एक नळी काढा, सिग्नल खाली आला पाहिजे. नळी बसवून इनटेकमध्ये थोडा क्लीनर फवारा, सिग्नल ताडकन ०.८ च्या वर गेला पाहिजे. गेला, तर सेन्सर जिवंत आहे. त्याला हात लावू नका, बिघाड दुसरीकडे शोधा. वाइडबँड सेन्सर असेल तर साध्या मीटरवर हे दिसणार नाही, तिथं स्कॅनरवर लॅम्डाचा आकडा बघा. पण परीक्षा घ्याच.

आता वादांकडे येतो. सकाळच्या चर्चेत एक मत जोरात मांडलं गेलं की ठरावीक किलोमीटरला सेन्सर बदलूनच टाकावा. मी सहमत नाही. माझ्याकडे येणारी एका शिक्षकांची गाडी आहे, दीड लाखाच्या पुढे गेलेली, मूळ सेन्सर अजून तिच्यात आहे. दर सर्व्हिसला मी त्याचा सिग्नल बघतो. का बदलू? दुसरं मत सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून, वायर ब्रशनं घासून साफ करण्याचं. साधी काजळी असेल तर रिचचं कारण काढल्यावर ती गरम धुरात आपसूक जळते. सिलिकॉन किंवा शिसं बसलं असेल तर घासून काही होत नाही, उलट वरचा थर निघतो. हे मी अनेकांच्या हातून होताना पाहिलंय. त्यातला एकही सेन्सर परत नीट चालला नाही.

तिसरा वाद इथेनॉलचा. ‘ई-२० नं सेन्सर जातात’ असं रोज ऐकतो. ई-२० मध्ये योग्य प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरतं, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. जुन्या गाडीला तेवढंच पेट्रोल दिलं तर ते लीन पडतं, सेन्सर ते बघतो आणि ईसीएम सात-आठ टक्के पेट्रोल वाढवतं. इथवर सगळं व्यवस्थित चाललंय. पण त्याच गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट चिरलेलं असेल आणि ईसीएम आधीच पंधरा टक्के वाढवत असेल, तर मर्यादा संपते आणि लाईट लागते. सकाळी थंड गाडी चालू करताना ऐका, मॅनिफोल्डपाशी टिकटिक येते का. सेन्सरच्या आधी गळती असेल तर दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. लांबचा प्रवास करणाऱ्या कितीतरी गाड्यांत मला हाच दोष सापडला. इथेनॉलनं तो निर्माण केला नव्हता, उघड केला.

आणि ज्याचा मला खरोखर संताप येतो ते आता बोलतो. जुन्या सीएनजी किटबरोबर एम्युलेटर नावाची डबी बसवली जायची. गाडी गॅसवर असताना सेन्सरचा खरा सिग्नल तोडायचा आणि ईसीएमला बनावट सिग्नल दाखवायचा. आता नवा प्रकार आलाय. कन्व्हर्टर मेला, पी ०४२० आला, की कन्व्हर्टरच्या मागे असलेल्या दुसऱ्या सेन्सरखाली लांब नट घालून त्याला धुरापासून दूर उचलायचं. लाईट विझते, कन्व्हर्टर मेलेलाच राहतो. काही ठिकाणी कन्व्हर्टर आतून फोडून रिकामा केलेला मी पाहिलाय. हे करणारे हात आपल्यातलेच आहेत. ती गाडी शाळेच्या फाटकाशी उभी राहते आणि तिचा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकानं हे काम नाकारावं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मी कार्बोरेटरच्या काळात शिकलो. उस्ताद प्लगचा रंग बघायचे, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरायचे, इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि मग पाना उचलायचे. आज पोराच्या हातात स्कॅनर आहे, तो उस्तादांच्या कल्पनेपलीकडचा आहे. पण कोड वाचला की पोराचं बघणं थांबतं, याचं मला फार वाईट वाटतं. कोडमध्ये पार्टचं नाव आलं म्हणून तोच पार्ट वाईट, असं समजणारा मुलगा मिस्त्री कसा होईल?

पुढच्या कामांबद्दल थोडक्यात. बिलावर सेन्सर लावायच्या आधीचा आणि नंतरचा सिग्नल लिहायचा, असा ठराव कार्यकारिणीनं आणावा, मी पहिली सही करीन. मराठीत एक छोटी पुस्तिका हवी, आकृत्यांसह. ती कुणी लिहायची, पैसा कुठून आणायचा, हे अजून ठरलेलं नाही, पण पुढच्या अधिवेशनापर्यंत काहीतरी हातात असावं. जिल्ह्याजिल्ह्यांत मीटरवर सिग्नल वाचायचे वर्गही घ्यावेत. जागा माझ्या गॅरेजची घ्या. रविवारी ते मोकळंच असतं, आणि खणातले ते पांढऱ्या टोकाचे सेन्सर मी टेबलावर मांडून ठेवीन.