रेगेन्सबुर्ग, १५४१: तारणाच्या वादातील एक हुकलेला समेट

तारण, म्हणजे पापापासून आणि त्याच्या शिक्षेपासून माणसाची सुटका, कॅथलिकांच्या मते सत्कर्मांनी व प्रॉटेस्टंटांच्या मते विश्वासाने होते, असे जे सर्रास सांगितले जाते ते सुटसुटीत असले तरी चुकीचे आहे. तारणाचा आरंभ देवाच्या कृपेने होतो आणि वधस्तंभावर ख्रिस्ताने केलेले प्रायश्चित्त हाच त्याचा आधार आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. स्वबळावर पुण्य करून माणूस तरू शकतो, हे पेलाजियसच्या नावाने ओळखले जाणारे मत पश्चिमेकडील चर्चने पाचव्या शतकातच त्याज्य ठरवले होते. खरा वाद होता तो माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याविषयी. ल्यूथरपंथीयांच्या मते माणूस स्वतः पापी असतानाच देव ख्रिस्ताचे नीतिमत्त्व त्याच्या नावे धरतो. कॅथलिक मतानुसार कृपा अंतःकरणात उतरून माणसाला खरोखर पालटते आणि त्या पालटातून घडणाऱ्या सत्कर्मांनी त्याचे नीतिमत्त्व वाढत जाते.

हे अंतर मिटू शकेल असे १५४१ मध्ये काही आठवडे वाटले. तुर्कांच्या भीतीने जर्मनीत एकी हवी असलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सने रेगेन्सबुर्ग येथे दोन्ही पक्षांचे तीन-तीन पंडित समोरासमोर बसवले. त्यांत कॅथलिकांकडून ग्रोपर, तर प्रॉटेस्टंटांकडून मेलांक्थोन आणि बुत्सर होते. पोपचा प्रतिनिधी होता कार्डिनल गास्पारो कोंतारिनी. या व्हेनिसच्या उमरावाने १५११ मध्येच, म्हणजे ज्यांनी हा वाद पेटला त्या ल्यूथरच्या १५१७ मधील प्रबंधांच्या सहा वर्षे आधी, स्वतःच्या तपश्चर्येने पापाचे ऋण फिटणार नाही, ख्रिस्ताचे दुःखसहनच त्याला पुरे आहे, अशी खूणगाठ बांधली होती. तरीही तो रोमशी एकनिष्ठ राहिला, ही गोष्ट अशी खात्री एकट्या ल्यूथरलाच पटली असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. मेच्या आरंभी नीतिमत्त्वाच्या कलमावर एकमत झाले: प्रेमाने कार्यरत होणाऱ्या जिवंत विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, पण त्याचा भरवसा मात्र स्वतःत आलेल्या नीतिमत्त्वावर नसून ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर असावा. ल्यूथरला हे जोडलेले ठिगळ वाटले, रोमलाही ते पटले नाही. आणि बोलणी मोडली ती प्रभुभोजन व चर्चचा अधिकार या मुद्द्यांवर.

कोंतारिनी १५४२ मध्ये निवर्तला. पुढे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेत, ल्यूथर ज्या ऑगस्टिनियन संघाचा होता त्याच संघाचा प्रमुख सेरिपांदो याने दुहेरी, म्हणजे माणसात आलेले आणि ख्रिस्ताचे अशा दोन्ही नीतिमत्त्वांची, रेगेन्सबुर्गच्या कलमासारखीच मांडणी केली. परंतु परिषदेच्या जानेवारी १५४७ च्या ठरावाने ती बाजूस सारली.

समेट झाला तो साडेचार शतकांनी: ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी माणूस नीतिमान कसा ठरतो या सिद्धान्ताच्या मूलभूत सत्यांविषयी एकमत जाहीर केले. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. तथापि, सगळेच मतभेद मिटले नाहीत: पापाची क्षमा झाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेत चर्चने दिलेली सूट, म्हणजेच १५१७ मध्ये ज्यावरून ठिणगी पडली ती दंडमाफी, रोमने २००० च्या जयंतीवर्षासाठीही जाहीर केलेली होती.